ओक बेटावरचा खजिना आणि चाच्यांवरचा आळ

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया प्रांतात माहोन नावाचा उपसागर आहे. त्यातल्या शेकडो लहानमोठ्या बेटांपैकी ओक हे एक. विस्तार जेमतेम १४० एकर. थोडी झाडी, थोडी दलदल, खडकाळ किनारा. एरवी या बेटाचे नाव जगाने ऐकण्याचे काही कारण नव्हते. पण त्याच्या पूर्वेकडच्या भागातल्या एका खड्ड्यापायी सव्वादोनशे वर्षे माणसे इथे खणत आली आहेत. शेतकऱ्यांनी खणले, मग कंपन्यांनी भागभांडवल गोळा करून खणले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्टही तरुणपणी, १९०९ मध्ये, अशाच एका मोहिमेत सामील होते. सहा जणांचा जीव गेला. २०१४ पासून या खोदकामाची मालिका दूरचित्रवाणीवर चालू आहे. खजिना पुरला कोणी, या प्रश्नावर फ्रेंच आरमारापासून मध्ययुगीन धर्मयोद्ध्यांपर्यंत अनेकांची नावे घेतली गेली. मात्र सर्वांत जुने आणि सर्वांत लाडके उत्तर एकच: समुद्री चाचे, त्यातही कॅप्टन विल्यम किड. हा आळ नीट तपासला तर टिकत नाही. चाचे लुटीचे काय करत, याची कागदपत्रे आणि वस्तू भरपूर उपलब्ध आहेत. ओक बेटाची गोष्ट त्यांतल्या कशाशीही जुळत नाही.

आधी गोष्ट कशी सांगितली जाते ते पाहू. १७९५ च्या सुमारास डॅनियल मॅकगिनिस या तरुणाला बेटावर एका ओक झाडाखाली जमीन गोलाकार खचलेली दिसली. जॉन स्मिथ आणि अँथनी व्हॉन या दोन साथीदारांसह त्याने खणायला सुरुवात केली. दोन फुटांवर फरशीसारख्या दगडांचा थर लागला आणि पुढे दर दहा फुटांवर ओकच्या ओंडक्यांचा एकेक मजला. तीस फुटांवर तिघांनी हात टेकले. काही वर्षांनी ऑन्स्लो नावाची मंडळी आली आणि नव्वद फुटांपर्यंत पोचली. तिथे अनोळखी खुणा कोरलेला एक दगड सापडला, आणि थोडे आणखी खणताच खड्डा पाण्याने भरला. १८४९ मध्ये ट्रूरो कंपनीने गिरमिटाने भोके पाडली, तेव्हा लाकूड, धातूचे तुकडे आणि साखळीच्या तीन सोनेरी कड्या वर आल्याचे सांगतात. पाणी भरती-ओहोटीबरोबर चढते-उतरते हे लक्षात आल्यावर त्याच कंपनीने जवळच्या स्मिथ्स कोव्ह या छोट्या खाडीचा किनारा उकरला. तिथे दगडी चर आणि त्यांवर पसरलेला नारळाचा काथ्या मिळाला. त्यावरून ठरले, की खजिना पुरणाऱ्यांनी समुद्रापासून खड्ड्यापर्यंत सुमारे पाचशे फुटांचे भुयार खणून पाण्याचा सापळा रचला आहे.

या गोष्टीचा पहिला कच्चा दुवा तिच्या वयातच आहे. १७९५ च्या घटनेचे वर्णन छापून आले ते १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे साठ वर्षांनी. मधल्या काळातली कोणाची रोजनिशी नाही, पत्र नाही, कोरलेल्या दगडाचे त्या वेळी काढलेले रेखाटन नाही. जी तपशीलवार हकीकत आज सगळीकडे सांगितली जाते, तिचा मोठा भाग १८६० च्या दशकात वर्तमानपत्रांतून आला. ती लिहिणारे लोक खोदकामाच्या कंपन्यांशी संबंधित होते आणि त्यांना नव्या भागधारकांची गरज होती. कोरीव दगड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीसा झाला. त्यावरच्या म्हणून आज दाखवल्या जाणाऱ्या खुणा, ज्यांचा अर्थ ‘चाळीस फूट खाली वीस लाख पौंड’ असा लावला जातो, त्या १९५१ मध्ये एका पुस्तकातून सर्वत्र पसरल्या. साध्या अक्षरबदलाची ती सांकेतिक लिपी आहे. एवढी मेहनत घेऊन ज्याने संपत्ती लपवली, त्याने ती किती खोल आहे हे दगडावर लिहून ठेवावे, हेच मुळात पटणारे नाही. म्हणजे सर्व तोंडी आठवणी खोट्या ठरवायच्या असे नाही. खड्डा होता, माणसे तिथे खणत होती, हे मानायला हरकत नाही. पण दर दहा फुटांचे नेटके मजले, दगड, सोन्याच्या कड्या या बाबी ऐकीव आहेत आणि त्यांच्यावर मोठा निष्कर्ष उभारता येत नाही.

आता चाच्यांकडे वळू. अटलांटिक आणि हिंदी महासागरातल्या चाचेगिरीचा भरभराटीचा काळ ढोबळमानाने १६५० ते १७३० चा. त्या काळातल्या चाच्यांच्या जहाजावर कामाला येणारा माणूस पगारावर नसे, तो वाट्यावर असे. कप्तानाला दोन वाटे किंवा थोडे कमी, सुकाणूवाल्याला त्याहून कमी, साध्या खलाशाला एक, जखमींना ठरलेली भरपाई, असे नियम लेखी असत आणि त्यांवर सह्या घेतल्या जात. लूट हाती आली की ती वाटली जाई, वाटली की बंदरात उडवली जाई. शंभर-दीडशे माणसांचा ताफा आपापला वाटा कप्तानाच्या भरवशावर एका परक्या बेटात पुरून निघून जाईल, ही कल्पनाच त्या व्यवस्थेच्या विरुद्ध आहे. शिवाय लूट म्हणजे बहुधा नाण्यांनी भरलेल्या पेट्या नसतच. काळ्या दाढीमुळे ‘ब्लॅकबिअर्ड’ म्हणून गाजलेला एडवर्ड टीच १७१८ मध्ये मारला गेला, तेव्हा त्याच्याकडून जप्त झालेल्या मालात साखर, कोको, नीळ आणि कापूस होता. त्याच वर्षी त्याने चार्ल्स्टन बंदराची नाकेबंदी केली होती, आणि ती उठवण्यासाठी मागितले काय, तर औषधांची पेटी. साखर आणि कापूस शंभर फूट खोल पुरून ठेवत नाहीत.

मोठे घबाड हाती लागल्यावर काय होई, याचे उत्तम उदाहरण आपल्या समुद्रातलेच आहे. १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटले. त्या काळातली ही सर्वांत मोठी लूट मानली जाते. एव्हरीच्या माणसांनी ती वाटून घेतली आणि पांगापांग केली. जॉन डॅन हा त्यांपैकी एक जण इंग्लंडात रोचेस्टर येथे पकडला गेला. त्याने एक हजार पौंडांहून अधिक किमतीचे सोने अंगरख्याच्या अस्तरात शिवून घेतले होते, आणि कपडा भलताच जड लागल्याने मोलकरणीला संशय आला. त्याच सुमाराची, १६९३ मध्ये येमेनमध्ये पाडलेली अरबी चांदीची नाणी अलीकडे अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड आणि आसपासच्या भागात सापडू लागली आहेत. ती सापडतात सुटी, शेतातून आणि जुन्या वस्त्यांच्या परिसरातून. अभ्यासक त्यांचा संबंध एव्हरीच्या माणसांशी जोडतात. तो जोड खरा असेल तर चाच्यांचे धन कसे नाहीसे होते ते यातून दिसते: एकेक नाणे खर्च होत, हातोहात पसरत.

आक्षेप असा येतो, की किडने तर खरोखरच खजिना पुरला होता. पुरला होता, आणि म्हणूनच त्याची हकीकत बारकाईने पाहायला हवी. किड १६९७ मध्ये कारवारला आला होता. तिथल्या इंग्रज वखारीला त्याचा संशय आला आणि गोव्याच्या पोर्तुगीजांनी त्याच्यामागे दोन जहाजे धाडली. ३० जानेवारी १६९८ रोजी मलबार किनाऱ्याजवळ त्याने बंगालहून सुरतेकडे निघालेले ‘केदाह मर्चंट’ हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचे जहाज पकडले. त्यात रेशीम, मलमल, साखर, सोरा, अफू आणि लोखंड भरलेले होते. पुढे मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर त्याचे बहुतेक खलाशी दुसऱ्या कप्तानाकडे निघून गेले, आपापला वाटा घेऊन. उरलेल्या मोजक्या माणसांनिशी तो एप्रिल १६९९ मध्ये कॅरिबियन समुद्रात पोचला, तेव्हा आपण चाचे म्हणून जाहीर झालो आहोत हे त्याला कळले. त्याने ते मोठे जहाज हिस्पानिओलाजवळ सोडले, लहान गलबत घेतले, डेलावेअरमार्गे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडशी आला आणि जूनमध्ये गार्डिनर्स बेटावर तिथल्या मालकाच्या माहितीने काही संपत्ती पुरली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बॉस्टनमध्ये त्याला अटक झाली. गव्हर्नर बेलोमाँटने पुरलेला माल लगेच उकरून घेतला, किडच्या इतर मालासकट त्याची यादी केली आणि तो लंडनला पाठवला. यादीत अकराशे औंसांहून थोडे अधिक सोने, तेवीसशे औंसांहून अधिक चांदी, काही रत्ने, ४१ गाठी कापड-सामान आणि ५७ पोती साखर आहे. २३ मे १७०१ रोजी किडला लंडनमध्ये फासावर चढवले. त्याने सोडून दिलेल्या जहाजाचे अवशेष २००७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या कॅटलिना बेटाजवळ उथळ पाण्यात सापडले आणि त्याचे लाकूड भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सागवान असल्याचे दिसले.

या हकीकतीतून दोन गोष्टी निघतात. पहिली, एप्रिल ते जुलै १६९९ मधली किडची वाटचाल साक्षींमधून बरीचशी ठाऊक आहे. त्यात नोव्हा स्कोशियाला जाऊन महिनोन्‌महिने खोदकाम करायला ना वेळ उरतो ना माणसे. दुसरी, चाचा जेव्हा पुरतो तेव्हा कसे पुरतो तेही कळते: अडचणीत सापडला म्हणून, काही दिवसांसाठी, उथळ, ओळखीच्या माणसाच्या जागेत, आणि लवकर परत घेण्याच्या इराद्याने. सर फ्रान्सिस ड्रेकनेही १५७३ मध्ये पनामात स्पॅनिश खेचरांचा काफिला लुटल्यावर जड झालेली चांदी घाईघाईने मातीत लपवली होती. स्पॅनिश शिपायांनी त्यातली बरीच शोधून काढली. पुरण्याची ही खरी उदाहरणे ओक बेटाच्या कथेला आधार देत नाहीत, उलट ती कथा किती वेगळ्या जातीची आहे ते दाखवतात.

खड्ड्याच्या कथित रचनेचा विचार केला तर हा फरक आणखी ठळक होतो. शंभर फुटांचा उभा खड्डा, टप्प्याटप्प्याने ओंडक्यांचे मजले, समुद्रसपाटीखालून जाणारे पाचशे फुटांचे भुयार, तोंडाशी पंख्यासारखे पसरलेले चर, आणि भरतीचे पाणी बाहेर ठेवायला तात्पुरता बांध. हे खाणकामगारांचे काम आहे. त्यासाठी सुतार हवेत, मोजणीदार हवा, अनेक महिन्यांचे अन्न हवे आणि अखंड पाणी उपसणारे पंप हवेत. एवढे करून हाती काय लागते? आपल्यालाच परत न काढता येणारी संपत्ती. तिजोरीची किल्ली तिजोरीतच टाकून दार ओढून घ्यावे तसा प्रकार. एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या पंपांना जे पाणी हटले नाही, ते सतराव्या शतकातल्या चाच्यांनी परत येऊन कसे हटवले असते? यावर समर्थक सांगतात, की कुठेतरी गुप्त झडप असेल, किंवा खजिना बाजूच्या दुसऱ्या भुयारात असेल. इतक्या वर्षांच्या उकरण्यात अशी झडप मिळालेली नाही. प्रत्येक अडचणीला नवी अदृश्य सोय जोडत गेले, की ते स्पष्टीकरण कधीच खोटे ठरू शकत नाही, आणि म्हणून खरेही ठरत नाही.

दुसरा आक्षेप जागेचा. चाचे या किनाऱ्यावर येतच नसत असे कोणी म्हणू शकणार नाही. १७२२ च्या जूनमध्ये एडवर्ड लो हा क्रूर म्हणून कुप्रसिद्ध चाचा नोव्हा स्कोशियाच्याच शेलबर्न बंदरात शिरला आणि तिथे नांगरलेल्या न्यू इंग्लंडच्या मासेमारी नौका त्याने पकडल्या. पण त्याने तिथे केले काय? कामाची माणसे जबरीने उचलली, चांगली नौका ताब्यात घेतली, सामान भरले आणि तो पुढे गेला. चाच्यांना हा किनारा असा उपयोगी होता: पाणी, लाकूड, मासे आणि माणसे मिळण्याची जागा. माहोन उपसागरातही सरकारी परवान्यावर लुटणारी जहाजे येऊन गेली. १८१३ मध्ये ‘यंग टीझर’ हे असेच अमेरिकन जहाज ब्रिटिश आरमाराच्या कचाट्यात सापडून याच उपसागरात स्फोटाने उडाले, आणि त्याच्या जळत्या भुताच्या गोष्टी किनाऱ्यावर आजही सांगतात. म्हणजे लुटारू जहाजांच्या आठवणी इथल्या लोकांना नव्या नव्हत्या. खचलेली जमीन दिसली की खजिना आठवावा, अशी मनोभूमी तयार होती.

मग खड्डा कशाने झाला? या भागात वरती हिमनद्यांनी आणून टाकलेली माती आणि दगडगोटे आहेत, खाली चुनखडी, जिप्सम आणि ॲनहायड्राइट. हे खडक पाण्यात विरघळतात, पोकळ्या पडतात आणि वरची जमीन खचते. खचलेल्या भोकात आसपासची उन्मळलेली झाडे आणि दगड पडतात, गाळ बसतो, पुन्हा झाडे पडतात. खणणाऱ्याला ते थरांसारखे वाटू शकते. १९४९ मध्ये माहोन उपसागराच्या किनाऱ्यावर विहीर खणणाऱ्या कामगारांना मऊ जमिनीत दोन फुटांवर दगडांचा थर आणि त्याखाली अधूनमधून स्प्रूस व ओकचे ओंडके लागले होते. दुसरा खजिन्याचा खड्डा मिळाला, अशीच पहिली कुजबुज झाली. ओक बेटावरही १८७८ मध्ये नांगरणी चालू असताना जमीन एकाएकी खचून बैल खड्ड्यात गेला. तेव्हा लोकांनी त्याचा अर्थ खजिन्याच्या भुयाराचे छत कोसळले असा लावला, पण पोकळ जमिनीचा तो सरळ दाखला आहे. पाण्याबाबतही असेच. १९९५ मध्ये वूड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहणी केली. खड्ड्यातले पाणी बेटाखालचे गोडे पाणी आणि भरतीचा दाब यांच्या नैसर्गिक खेळाने चढत-उतरत असावे, मानवनिर्मित भुयाराची गरज नाही, असा त्यांचा कल होता. बेटाखालचा खडक सच्छिद्र असेल, तर कुठेही खोल खणले की समुद्र भेटणारच.

नारळाच्या काथ्याला मात्र असे सहज बाजूला सारता येत नाही. नोव्हा स्कोशियात नारळ होत नाही, तेव्हा तो कोणीतरी जहाजाने आणला असणार. पण काथ्या चाच्यांची खूण नव्हे. जहाजांत माल घट्ट बसवायला आणि दोरखंडांना तो सर्रास वापरला जाई, आणि या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या युरोपीय नौका सोळाव्या शतकापासून येत होत्या. शिवाय त्यातल्या काही नमुन्यांची कार्बन पद्धतीने काढलेली कालगणना तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास जाते, म्हणजे किडच्या तीनशे वर्षे आधी. ती मान्य केली तर चाचे बाद होतात आणि नाकारली तर काथ्या कशाचाच पुरावा राहत नाही. स्मिथ्स कोव्हमधले चर आणि लाकडी बांधकाम मानवी आहे यात शंका नाही. पण मासे खारवायला मीठ बनवण्याची सोय किंवा नौका बांधण्याचा धक्का अशी साधी कारणे त्याला पुरतात. १७६० च्या दशकातच बेटाची मोजणी होऊन जमिनीचे तुकडे लोकांना दिले गेले होते. तिथल्या एका लाकडी बांधणीतल्या ओंडक्यांची वर्तुळे मोजून निघालेले साल १७६९ चे आहे, असे खुद्द दूरचित्रवाणी मालिकेतच सांगितले गेले. तेव्हा चाच्यांचा जमाना सरून चाळीस वर्षे झाली होती.

मग चाचेच का? कारण त्यांची कथा विकली जाते. अमेरिकेत वॉशिंग्टन आयर्विंगने १८२४ मध्ये किडच्या पुरलेल्या सोन्याच्या शोधात असलेल्या माणसांवर कथा लिहिल्या, आणि १८४३ मध्ये एडगर ॲलन पोच्या ‘द गोल्ड बग’ने किडचा खजिना, सांकेतिक लिपी आणि खड्डा यांची सांगड घातली. सहा वर्षांनी ट्रूरो कंपनी बेटावर उतरली. पुढे १८६० च्या दशकात ओक आयलंड असोसिएशन, १८९३ मध्ये ओक आयलंड ट्रेझर कंपनी, अशा मंडळ्या एकामागून एक आल्या. प्रत्येकीला नव्या भागधारकांना पटवायचे होते, की मागच्यांनी थोडक्यात सोडले. १९३० च्या दशकात गिल्बर्ट हेडन या धनिकाने हॅरॉल्ड विल्किन्सच्या पुस्तकातला किडच्या बेटाचा नकाशा पाहिला. नकाशातले अंतराचे आकडे घेऊन त्याने बेटावर शोध घेतला, आणि भोके पाडलेले दगड व दगडांचा त्रिकोण सापडल्यावर त्याची खात्री पटली. तो इंग्लंडला जाऊन विल्किन्सला भेटला, तेव्हा लेखकाने सांगितले, की नकाशा आपल्या मनचा आहे. तरी समर्थक थांबले नाहीत. आकडे जुळले कसे, हा प्रश्न त्यांनी पुढे केला. पुरेशी दगडगोट्यांची जमीन आणि पुरेशी इच्छा असेल तर आकडे जुळतात, एवढेच त्याचे उत्तर आहे. त्यातच वारंवार खणल्यामुळे मूळ खड्डा नेमका कुठे होता हेही आता कोणाला ठामपणे सांगता येत नाही. आज जमिनीतून येणारे जुने लाकूड बहुधा आधीच्या शोधकांचेच असते.

उद्या खरोखर तारीख असलेली, जागेवर नोंदवलेली आणि तटस्थ तज्ज्ञांनी तपासलेली चाच्यांची वस्तू निघाली, तर हे सगळे बदलेल. चाच्यांचा खजिना सापडतच नाही असेही नाही. सॅम्युअल बेलामीचे ‘व्हायडा’ हे जहाज १७१७ मध्ये केप कॉडजवळ बुडाले, १९८४ मध्ये त्याचे अवशेष मिळाले आणि हजारो नाणी वर आली. पण ते वादळात बुडालेल्या जहाजात मिळाले, त्याच्यासोबत जहाजाचे नाव कोरलेली घंटा होती, आणि जे मिळाले ती जहाजावरचीच लूट होती. ओक बेटावर अशी एकही गोष्ट नाही. तिथून निघालेला निश्चित हिशेब उलट्या दिशेचा आहे. १८६१ मध्ये पंपाचा बॉयलर फुटून एक कामगार मेला, १८९७ मध्ये दुसरा, आणि १७ ऑगस्ट १९६५ रोजी रॉबर्ट रेस्टॉल, त्याचा मुलगा आणि त्यांना वाचवायला उतरलेले दोघे विषारी वायूने एका उथळ खड्ड्यात गेले. चाच्यांनी जे लुटले त्याची साखरेच्या पोत्यांसकट यादी आहे, आणि ती बेलोमाँटच्या काळातच बंद झाली. ओक बेटाने घेतलेल्या पैशांचा आणि माणसांचा हिशेब मात्र त्यांच्यामागून आलेल्या शोधकांच्या खात्यावर आहे, आणि तो चाच्यांच्या नावावर टाकणे हाच या कथेतला सर्वांत जुना गैरव्यवहार आहे.